पितळी नळकांडं

ट्यूब फुटली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. बंदूक उडावी तसा आवाज झाला. समोरच्या पानपट्टीला टेकलेले दोघं दचकून सरळ झाले, दस्तगीरचाचांच्या हातातला पान्हा खाली पडला आणि मी तर किंचाळलेच. हलल्या नाहीत त्या एकट्या जैतूनचाची. आमच्याकडे पाठ करून त्या पाटावर बसल्या होत्या आणि चाकाच्या हबच्या वाटीत ग्रीस भरून एकेक पोलादी छर्रा बोटाच्या टोकानं बसवत होत्या. सगळे छर्रे बसले, तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली आणि चाचांना कमरेवर हात ठेवून उभं बघून विचारलं, "काय झालं?"

"ट्यूब गेली!" चाचा ओरडले.

"गेली तर गेली. नवी घाल," असं म्हणून चाची पुन्हा खाली वाकल्या.

फुटलेल्या ट्यूबमधली पांढरी पावडर हवेत तरंगत होती. मला शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. चाचा पान्हा उचलायचं विसरून माझ्याकडे वळले.

"पावडरीची शिंक एक असती, पद्मा. तीन न्हाई."

"पावडर जास्त होती, चाचा."

"घसा कसा हाय?"

"घशाला काय झालंय?"

"तेच इचारतोय."

घसा सकाळपासून खवखवत होता. उठल्या उठल्या मी आवंढा गिळून बघितला होता, मग पुन्हा बघितला होता, आणि अंघोळ, देवदर्शन, नाष्टा सगळं होईपर्यंत पन्नासदा तेच केलं होतं. "ठणठणीत आहे," मी म्हटलं आणि सायकलवर टांग टाकून निघाले. वळणापर्यंत चाचांची नजर पाठीला लागलेली कळत होती.

तो शनिवार होता. शर्यत मंगळवारी, सव्वीस जानेवारीला. साल एकाहत्तर. मी एकोणीस वर्षांची होते, सांगलीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तासगाव ते सांगली अशी मुलींची सायकल शर्यत आमच्या भागात पहिल्यांदाच ठरली होती. पहिल्या दोघींना पुण्याला निवडीसाठी नेणार होते. निवड झाली तर पुढं दिल्ली. मी तोवर कोल्हापूरच्या पलीकडे गेले नव्हते.

आमचे अण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांनी मला कधी आडकाठी केली नाही, पण त्यांची एक अट होती. "पुण्याला गेलीस तर पुढचं पुढं बघू," ते म्हणाले होते. "नाही गेलीस, तर फेब्रुवारीत कागवाडची मंडळी येणार आहेत बघायला. मी त्यांना अजून किती दिवस थांबवू, बाळ?" त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण तासगावचा रस्ता म्हटलं की मला दिल्ली दिसायची, आणि फेब्रुवारी म्हटलं की पोह्यांची बशी.

सायकल दादाची होती. तो नोकरीला मुंबईला गेला आणि ती मला राहिली. ती जड होती, पण तिची चाकं दस्तगीरचाचांची होती. सांगलीत एकदा एका सर्कशीचा मुक्काम लांबला होता, तेव्हा चाचांनी तिथल्या एका कसरतवाल्याकडून हलक्या रिमांची दोन चाकं मिळवली होती. शर्यतीला उतरणाऱ्या ज्या गड्यावर त्यांचा भरवसा असेल, त्याच्या सायकलीला ती लागायची. मुलीच्या सायकलीला ती पहिल्यांदाच लागली होती. त्या चाकांवर बसलं की खाली रस्ता नाहीच, नुसती हवा आहे असं वाटायचं.

चाचांचा एक नियम होता. सर्दी नाकात असेल तर गडी पळेल. छातीत उतरली असेल तर गडी घरी बसेल आणि चाकं खुंटीवर जातील. यात त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ इस्माईल छाती भरलेली असताना जमखंडीच्या शर्यतीत उतरला होता, जिंकून आला होता आणि नवव्या दिवशी गेला होता. त्याचा कप दुकानात फळीवर होता. चाचा त्यात सुट्टे नट ठेवायचे.

सर्दी नाकात की छातीत हे ठरवायचं काम एका पितळी नळकांड्याचं. चाक फिरवून हबमध्ये खर, म्हणजे छर्र्यांची खरखर, आहे का हे चाचा स्क्रूड्रायव्हरनं ऐकायचे: टोक आसावर, मूठ कानाला. माणसांसाठी त्यांनी जुन्या हातपंपाचा दट्ट्या काढून टाकला होता. उरलेलं नळकांडं शर्यतीच्या आदल्या दुपारी गड्याच्या पाठीला लागायचं आणि दुसऱ्या टोकाला चाचांचा कान. "कोरड्या वाटीत छर्रा फिरतो बघ, तसा आवाज येतो," ते सांगायचे. "एकदा ऐकला की झोपेतबी वळखशील."

मी मुलगी. माझ्या पाठीला नळकांडं लावायचं काम जैतूनचाचींवर आलं.

तसं ते साजेसंच होतं. दुकानातले हब चाचीच बघायच्या. फक्त त्या स्क्रूड्रायव्हर कानाला लावत नसत. त्याची लाकडी मूठ दातांत धरत, डोळे मिटत आणि चाक फिरवत. "दाताला लवकर कळतं," त्या म्हणायच्या. आणि त्यांचं कधी चुकायचं नाही. मिरजेहून लोक सायकली घेऊन यायचे आणि चाचांना बाजूला सारून म्हणायचे, "चाचींना दाखवायचीय." चाचांना त्याचा राग नव्हता, उलट मोठेपणाच वाटायचा. दुकानाला लागून पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा दिवसभर फटफटत असायचा, त्यामुळं त्या दुकानात सगळेच ओरडून बोलायचे आणि सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचे.

रविवारी उठले तेव्हा नाक गळायला लागलं होतं. चाचांनी दहा मैल हलकं चालवायला सांगितलं होतं. चालवू की नको, हेच डोक्यात फिरत होतं. चालवावं तर अंगातली ताकद जाईल, न चालवावं तर चाचांना कळेल. मी सायकल अंगणात काढली, आत नेली, पुन्हा काढली.

"सायकलला हवा दाखवतीयस का?" आई तुळशीपाशी उभी राहून म्हणाली. "सुंठ-मिरीचा काढा केलाय, तो पिऊन जा. आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परत ये. काल उशिरा आलीस आणि तसंच उपाशी झोपलीस."

आमच्या जैन घरात सूर्यास्तानंतर काही खायचं-प्यायचं नाही, औषधसुद्धा नाही. आलं, कांदा, लसूण, मध यातलं काहीच उंबऱ्याच्या आत येत नसे. काढा वाळलेल्या सुंठीचा. मी तो प्यायले आणि निघाले.

बुधगावच्या पुढं एक गुऱ्हाळ लागतं. तिथं मी उतरले. पाच मैल झाले नव्हते आणि मांड्या पिठाच्या झाल्या होत्या. काहिलीजवळ ऊब होती, तिथं बसून राहिले. गुऱ्हाळवाल्या म्हातारीनं गरम काकवीची वाटी दिली आणि विचारलं, "कुणाची गं तू? घरातनं पळून आलीस का काय?" मी नाही म्हटलं. तिचा काही विश्वास बसला नाही.

अर्ध्या तासानं निघाले. दहा मैल न थांबता चालवून आलेली मुलगी घामानं भिजलेली असायला हवी, मी तर खडखडीत कोरडी होते. म्हणून मोटेच्या पाटावर वाकून मी कपाळ, मान, केस भिजवले, ओढणीही ओली करून घेतली. जानेवारीची सकाळ, समोरून वारा, आणि मी ओल्या मानेनं तो सगळा रस्ता परत आले. आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. तेव्हा मात्र मला वाटलं, केवढी हुशार मी.

रविवारी गिरणी बंद असायची. दुकानात इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. चाचा रस्ता बघायला तासगावला गेले होते. चाची मागच्या दाराकडे तोंड करून चाक फिरवत बसल्या होत्या.

"चाची," मी हाक मारली.

चाक फिरत होतं. आऱ्यांचा बारीक आवाज येत होता.

"चाची!"

मी त्यांच्या मागं दोन हातांवर उभी होते. त्यांनी चाक थांबवलं, मूठ दातातून काढली, पदराला पुसली आणि पुन्हा दातात धरली. मग माझी सावली चाकावर पडली आणि त्या केवढ्यानं तरी दचकल्या.

"अगं, हाक तरी मारायची!"

"आत्ताच आले," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. मी घाम म्हणाले. त्या उठल्या. आत जाऊन पितळीभर चहा घेऊन आल्या. पहिल्याच घोटाला घशात आग उतरली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"यात आलं आहे, चाची!"

"मग? सर्दीला काय भजन म्हणायचं का?" त्यांनी पितळी माझ्या ओठांकडे ढकलली. "पी गप. तुझ्या आईला कोण सांगतंय?"

मी सगळा प्यायले. जन्मात पहिल्यांदा आलं खाल्लं ते तिथं. चाची समोर उकिडव्या बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, पितळी रिकामी झाली का ते बघत असाव्यात असं मला वाटलं.

सोमवारी दुपारपर्यंत सर्दी खाली उतरली होती. मला सांगायला नळकांडं नको होतं. पायऱ्या चढताना उजव्या बरगडीखाली काहीतरी ओढलं जायचं आणि श्वास सोडताना आत बारीक करकर व्हायची. मी खोलीत दार लावून श्वास घेऊन बघत होते. सावकाश घेतला तर आवाज नाही, जोरात घेतला तर आहे. पुन्हा सावकाश, पुन्हा जोरात. कुणीतरी येऊन म्हणावं, जा, किंवा कुणीतरी येऊन म्हणावं, नको जाऊ, आणि त्यावर काही बोलायची सोय ठेवू नये असं वाटत होतं. अण्णा शाळेत होते. आई सुपात हळकुंडं निवडत होती. "पदू, आत काय चाललंय?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, आणि चार वाजता चालत दुकानात गेले. सायकल तिथंच होती, चाकं लावून, तेलपाणी करून, पुसून ठेवलेली.

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डोळं लाल हायत."

"झोप लागली नाही. शर्यतीमुळं."

"जैतून!" ते गिरणीच्या वरताण ओरडले आणि हातानं खूण केली. "हिला आत घे. नीट बघ. खर असली तर सांग, चाकं उतरवतो. गुरुजींच्या पोरीला मी इस्माईलच्या वाटेनं धाडणार न्हाई."

दुकानामागं त्यांची राहायची खोली होती. चाचींनी दार लोटलं आणि मला खाटेवर बसवलं. मी पोलक्याची बटणं सोडून पाठमोरी झाले. भिंतीवर लहानसा आरसा होता, त्यात मला त्यांचा चेहरा दिसत होता. नळकांड्याचं टोक गार असणार म्हणून त्यांनी ते आधी तळहातात चोळून घेतलं.

"चाची," मी मान वळवून म्हटलं. "परवा ट्यूब फुटली ना, केवढा मोठा आवाज झाला."

चाचींचा हात थांबला.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"मी तर किंचाळलेच. तुम्ही काही हलला नाहीत."

"मला सवय हाय." त्यांनी माझं डोकं धरून पुढं वळवलं. "श्वास घे."

नळकांडं उजव्या खांद्याखाली टेकलं. दुसऱ्या हाताचा पंजा त्यांनी माझ्या बरगड्यांवर पसरून ठेवला, मला सरळ ठेवायला. मी श्वास घेतला. आत करकर झाली. मला ती इतकी स्वच्छ ऐकू आली, की बाहेर चाचांनाही गेली असेल असं वाटलं.

"आणखी."

मी घेतला. नळकांडं खाली सरकलं. आरशात चाचींनी डोळे मिटले होते आणि कान पितळेला चिकटवला होता, अगदी चाचा चिकटवायचे तसा. खूप वेळ त्या तशाच राहिल्या. मग डोळे उघडले आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघींपैकी कुणीही नजर काढली नाही.

"बटणं लाव," त्या म्हणाल्या. दार उघडून त्या बाहेर गेल्या आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला. "साफ हाय."

"नक्की?"

"साफ हाय म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तासगावहून आम्ही अकरा जणी सुटलो. सगळ्यांच्या सलवारी, कमरेला गच्च बांधलेल्या ओढण्या, आणि दोन्ही बाजूंना बघ्यांची ही गर्दी. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "मागं कुणी लागलंय का ह्यांच्या?" आणि आम्हीसुद्धा हसलो.

पहिले सहा मैल मी कुणालाच सापडले नाही. चाकं हवेत होती. उसाच्या गाड्या बाजूला होत होत्या, गाडीवान हातातले आसूड वर करून ओरडत होते आणि मागून शर्यत भरवणाऱ्या मंडळाची जीप येत होती, तिच्यात चाचा. मी मनात म्हणत होते, बघा, काही झालेलं नाही, उगीच घाबरले. वाळव्याची सुनंदा म्हणून एक उंच मुलगी होती, ती माझ्यामागं शंभर हातांवर होती.

मग ओढ्याचा पूल लागला आणि पुलानंतरचा चढ. एरवी मी तो उभं राहून एका दमात मारायची. त्या दिवशी अर्ध्यात आले आणि हवा संपली. तोंड उघडं होतं, छाती हलत होती, पण आत काही जात नव्हतं. आणि तो आवाज. कोरड्या वाटीत छर्रा फिरतो तसाच, श्वासागणिक. उजव्या बाजूला कुणीतरी विळी टोचत होतं. सुनंदा शेजारून गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तुझे ओठ बघ की!" ओठ मला कसे दिसणार?

मी उतरले नाही. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. एक कुत्रं. शाळेतल्या पोरांच्या हातातले कागदी झेंडे. माधवनगरच्या पुढं कुणीतरी अंगावर पाणी मारलं. सांगलीच्या नाक्यावर बांधलेली दोरी मी दुसऱ्या नंबरानं ओलांडली. लोक टाळ्या वाजवत होते आणि चाचा जीपमधून उडी मारून धावत येत होते. त्यांच्या तोंडावर हसू होतं. जवळ येता येता ते हसू गेलं.

मला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. न्युमोनिया. एकोणीस दिवस. आई खाटेखाली चटईवर झोपायची आणि रात्रीसुद्धा मला औषध पाजायची, घड्याळाकडे न बघता. त्या एकोणीस दिवसांत पुण्याची निवड होऊन गेली. सुनंदाबरोबर तिसरी आलेली मुलगी गेली.

चाचा सातव्या दिवशी आले. टोपी हातात घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसले.

"जैतूनच्या कानानं दगा दिला," ते म्हणाले. "एवढा आवाज, आन् तिला साफ वाटलं. इस्माईल डोळ्यांपुढं उभा राहिला माझ्या. मी तिच्या हातातलं काम काढून घेतलंय. स्क्रूड्रायव्हर, हब, सगळं. जिला छाती कळत न्हाई तिला हब काय कळणार? बसू दे घरात."

मी त्यांच्याकडे बघत होते. बोलण्याइतका श्वास मला आता पुरत होता.

"चाचा," मी म्हटलं.

"काय, बेटा?"

"पाणी द्या."

त्यांनी पाणी दिलं.

फेब्रुवारीत कागवाडची मंडळी आली नाहीत, मुलगी आजारी म्हणून. ती मे महिन्यात आली. माझं लग्न झालं. संसार चांगला झाला, माणसं चांगली मिळाली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सायकल पुन्हा कधी शर्यतीला लावली नाही. माहेरी यायची तेव्हा त्या दुकानाच्या रस्त्यानं जायची नाही. लांबून वळसा घ्यायची. आई विचारायची, "अगं, सरळ रस्ता सोडून कुठं?" मी म्हणायची, तेवढंच चालणं होतं.

बारा वर्षांनी माझ्या मुलीची छोटी सायकल माहेरी आणली होती. तिचं चाक कुरकुरायला लागलं. मुलीनं हट्टच धरला. चाचा चार वर्षांपूर्वी गेल्याचं मला कळलं होतं. दुकान बंद असेल असं मनाशी धरून मी गेले.

दुकान उघडं होतं. गिरणी मात्र गेली होती, तिथं कापडाचं दुकान झालं होतं. पाटावर जैतूनचाची बसल्या होत्या, केस पांढरे झालेले, स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत. मी समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना मी दिसेन अशी.

त्यांनी मूठ काढली. "पद्मा," त्या म्हणाल्या. जणू मी कालच येऊन गेले होते.

मुलीला त्यांनी समोरून बत्तासे आणायला पाठवलं. मला पाट दिला.

"चाचांनी तुम्हाला परत काम दिलं?" मी विचारलं. हळू, ओठ नीट हलवून.

"त्यांचे हात कापायला लागले. मग काय करतात? पाच वर्षं मी आत बसून होते. चूल आन् भिंत." त्यांनी ग्रीस पुसलं. "माझी अम्मा बहिरी झाली, तवा तिला असंच कोपऱ्यात बसवलं होतं. तिच्याशी कुणी बोलायचं न्हाई. जेवायचं ताट सरकवायचे, बास. म्हणून मी कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यांनासुद्धा न्हाई. गिरणी होती, निभलं."

"मला माहीत होतं, चाची," मी म्हटलं. बारा वर्षं हे वाक्य मी घोकत होते. "तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कळलं होतं. माझी छाती वाजत होती हेही कळत होतं. मी गप्प बसले. तुमचं काम माझ्यामुळं गेलं."

चाची हसल्या. मला वाटलं, माझे शब्द त्यांना नीट दिसले नसावेत. म्हणून मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"कानाला न्हाई कळलं. हाताला कळलं," त्या म्हणाल्या आणि ग्रीसचा पंजा पसरून दाखवला. "हा तुझ्या पाठीवर होता ना. दाताला कळतं, हाताला कळतं. तुझी बरगडी अशी थरथरत होती, पद्मा. फुटक्या छर्र्यावानी."



"मग साफ का म्हणालात?"

"तू ट्यूबचं काढलंस म्हणून."

समोरच्या दुकानात माझी मुलगी बत्ताशांसाठी हात पुढं करून उभी होती. मी तिच्याकडे बघत राहिले. चाचींनी माझ्या हनुवटीला बोट लावलं आणि तोंड आपल्याकडे वळवलं, बोलणं दिसावं म्हणून.

"मला वाटलं, खर हाय म्हणाले तर ही बाहेर जाणार आन् सांगणार, चाची बहिरी हाय, तिचं काय ऐकता. म्हणून साफ म्हणाले. तू रस्त्यात मेली असतीस तर?" त्या थांबल्या. "पाच वर्षं भिंतीकडं बघून मी हेच इचारत होते. मेली असतीस तर?"

"मी नसतं सांगितलं, चाची."

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. नंतर डोळ्यांकडे.

"तुझ्या आल्याच्या चहाचं मी कुणाला सांगितलं का कधी?" एवढंच म्हणाल्या.

मी ते ट्यूबचं सहज बोलले होते, असं मी स्वतःला त्या दिवसापर्यंत सांगत आले होते. दार लोटलेल्या खोलीत, पोलक्याची बटणं सोडून बसलेली मुलगी सहज काय काय बोलते.

मुलगी आली. चाचींनी तिला दोन बत्तासे दिले, सायकल उलटी केली आणि पुढचं चाक फिरवलं. मूठ दाताकडे नेता नेता थांबल्या. मग माझं मनगट धरून माझा हात चाकाच्या आसाजवळ नेला आणि तिथं दाबून ठेवला. लोखंड गार होतं. चाक फिरत होतं.

"सांग," चाची म्हणाल्या. "साफ हाय?"

मी डोळे मिटले. आधी काहीच कळेना. मग तळहाताखाली, फार खोल, बारीकसं काहीतरी अडलं, सुटलं, पुन्हा अडलं.

"नाही," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं. "खर आहे."

"हं," चाची म्हणाल्या आणि पान्ह्यासाठी हात पुढं केला.